पहिला हंगाम पायांचा: कॉलेजच्या मुलींचा वॉटर पोलो संघ कसा बांधावा

फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा: "पोहणाऱ्या चौदा-पंधरा मुली आहेत. जूनपासून मुलींचा वॉटर पोलो संघ सुरू करायचा आहे. तलाव आठवड्यातून तीनदा दीड-दीड तास मिळेल, पण त्याचा अर्धा भाग चार फूटच खोल आहे. मुलींना वेग आहे, पण चेंडू हातात आला की त्या बुडायला लागतात. आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत जायचं तर हंगाम कसा आखावा?"

आधी कागदपत्रांचं बघू, कारण तिथे उशीर झाला तर पाण्यातली मेहनत वाया जाते. आंतरविद्यापीठ स्पर्धेत कॉलेजचा संघ उतरत नाही, विद्यापीठाचा उतरतो. तुमच्या मुलींना गोवा विद्यापीठाच्या संघात निवडून यावं लागेल. म्हणून जूनमध्येच विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला लेखी विचारा: यंदा मुलींच्या वॉटर पोलोची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे का, की संघ कमी असल्यामुळे थेट निवड चाचणी होणार? पुढचं वेळापत्रक भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, जाहीर करतो. पात्रतेच्या अर्जाला दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेशाचा पुरावा, फोटो आणि प्राचार्यांची सही लागते. प्रत्येक मुलीची फाईल जुलैतच तयार ठेवा. ऐन वेळी एखादीची बारावीची मूळ गुणपत्रिका वाळपईच्या घरात कपाटात असते आणि अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपत असते.

आता पाण्याकडे. मुली बुडतात याचं कारण त्यांना पोहता येत नाही हे नाही. त्यांना आडवं पोहता येतं, उभं राहता येत नाही. वॉटर पोलोत खेळाडू बराच वेळ पाण्यात उभी असते: पकडत, ढकलत, चेंडूची वाट बघत. तळाला पाय टेकवायला गोलकीपर सोडून कोणालाही परवानगी नाही. शर्यतीच्या पोहण्यात पाय मागे सरळ मारायची सवय लागलेली असते. ते पाय इथे कामाला येत नाहीत. पहिल्या हंगामाबद्दल माझं मत ठाम आहे: पहिले आठ आठवडे पाण्यातल्या वेळेचा तिसरा हिस्सा पायांना द्या, आणि गोल किती होतात त्याची चिंता करू नका.

ज्या पायाच्या कामावर हे सगळं उभं आहे त्याला एगबीटर म्हणतात. मांड्या जवळपास पाण्याच्या पातळीला समांतर, गुडघे कंबरेपेक्षा रुंद, पाठ सरळ, जणू खुर्चीच्या काठावर बसलो आहोत. मग दोन्ही पाय आळीपाळीने आतल्या बाजूला गोल फिरतात, एक घड्याळाच्या दिशेने, दुसरा उलट. पाऊल नडगीकडे वर ओढलेलं हवं. पाणी दाबलं जातं ते तळपायाने आणि नडगीच्या आतल्या बाजूने. एक पाय दाबत असतो तेव्हा दुसरा परत येत असतो, म्हणून शरीर एकाच उंचीवर राहतं.

चुका कुठे होतात ते नेमकं बघायला शिका. मुलगी दर सेकंदाला वर-खाली होत असेल तर ती दोन्ही पाय एकदम मारते आहे, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोकची लाथ. शेतातल्या तळीत किंवा नदीत पोहायला शिकलेल्या मुलींमध्ये हे हमखास दिसतं. मात्र त्याच मुलींना डोकं वर ठेवून पोहण्याची सवय असते, आणि ती शहरातल्या तलावात शिकलेल्यांना नव्याने शिकवावी लागते. खांदे पुढे झुकत असतील तर गुडघे खाली घसरले आहेत. पाय फिरत आहेत पण उचल मिळत नाही, तर बोटं ताणून पाऊल सरळ केलंय. आणि एक पाय नीट, दुसरा कात्रीसारखा, असं असेल तर तिला भिंतीला पाठ टेकून फक्त कमजोर पाय फिरवायला लावा, दर पायाला वीस आवर्तनं, दोन फेऱ्या.

शिकवण्याचा क्रम असा ठेवा. आधी तलावाच्या काठावर बसून, पाय पाण्यात, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत. मग पाण्यात, काखेत किकबोर्ड, म्हणजे तरंगती फळी. मग हातांनी पृष्ठभागाखाली पाणी चाळत, त्यानंतर मनगटं बाहेर, शेवटी कोपरं बाहेर. पहिले दोन आठवडे ३० सेकंद काम, ३० सेकंद विश्रांती, अशा सहा फेऱ्या. चौथ्या आठवड्यापर्यंत ४५ सेकंद, मनगटं बाहेर. आठव्या आठवड्यात एक मिनिटाच्या चार फेऱ्या, जोडीदारणीने खांद्यावर हात ठेवून हलका दाब दिलेला. वजन वाढवायला पाच लिटरचा कॅन अर्धा भरून डोक्यावर धरायला द्या. जिम लागत नाही. पण हे वेगाने वाढवू नका, कारण गुडघ्याच्या आतल्या बाजूची दुखापत इथूनच येते. गुडघा आतून दुखतो असं म्हणणारीला दोन सत्रं पायांच्या फेऱ्या बंद, फक्त हातांचं पोहणं. दुखणं टिकलं तर डॉक्टर. सत्राआधी जमिनीवर मांडीच्या आतल्या स्नायूंचं ताणणं आणि कंबरेचे सांधे मोकळे करणं, पाच मिनिटं, यात सूट नाही.

जागेवर उभं राहणं जमलं की बाजूला सरकणं, पुढे-मागे चालणं आणि उसळी. उसळी शिकवताना मुली हात वर फेकून अंग उचलू पाहतात. उलट सांगा: आधी हातांनी पाणी खाली दाबायचं, पायांनी एकदाच जोरात मारायचं, कंबर वर आली की मगच हात. पोहण्याच्या पोशाखाची कंबर दिसली तर उसळी खरी.

उथळ भागाचं काय? चार फुटांत संघ खेळवू नका. मुली नकळत पाय टेकतात, पास सुंदर बसतात, तुम्हाला वाटतं संघ तयार झाला, आणि खोल पाण्यातल्या पहिल्या सामन्यात सगळं कोसळतं. चेंडूची पकड आणि मनगटाचा झटका समजावण्यापुरती दोन सत्रं उथळ पाण्यात चालतील. नंतर तो भाग अंग गरम करण्यासाठी आणि नियम समजावण्यासाठी ठेवा. सामन्याला किमान १.८ मीटर खोली लागते, दोन मीटर असेल तर उत्तम. मुलींचं मैदान २५ मीटर लांब आणि २० मीटर रुंद. तुमचा तलाव ५० मीटर लांब आणि २५ मीटरच्या आसपास रुंद असेल तर मैदान आडवं टाका: खोल अर्ध्यात, एका बाजूच्या काठापासून दुसऱ्या बाजूच्या काठापर्यंत. उरलेल्या अर्ध्यात शिकाऊ बॅच चालू राहते आणि तलाव व्यवस्थापकाशी भांडण होत नाही. मैदानाची उघडी बाजू लेनच्या दोरीने बंद करा.

गोलपोस्ट आतून तीन मीटर रुंद, आडवी पट्टी पाण्यापासून ९० सेंटीमीटर वर. तरंगते गोलपोस्ट महाग असतात. पहिल्या वर्षी पीव्हीसी पाइपाची चौकट चालते, पण दोन गोष्टी सांभाळा. पाइपाची दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर पाणी भरून चौकट कलते. आणि तीन मीटरची आडवी पट्टी मधे वाकते, तिला मागून दोन आधार द्या. जाळी मालीम जेटीच्या आसपास नायलॉनची मिळून जाईल. बारीक आसाची, म्हणजे बारीक छिद्रांची घ्या, मोठ्या आसात गोलकीपरची बोटं अडकतात.

चेंडू मुलींसाठी ४ नंबरचा: परीघ ६५ ते ६७ सेंटीमीटर, वजन ४०० ते ४५० ग्रॅम. मुलांचा ५ नंबरचा उसना आणून सराव करू नका. हात लहान असेल तर पकड बसत नाही आणि मुली चेंडू मनगटावर टेकवून फेकायला लागतात. ती सवय पुढे सुटत नाही. दोघींत एक, म्हणजे किमान सात-आठ चेंडू. हवा व्हॉल्व्हजवळ छापलेल्या दाबाइतकीच. आणि एक अगदी आपल्याकडची अडचण: केसांना खोबरेल तेल. चंपी करून आलेली एकच मुलगी चेंडूला तेल लावते आणि मग अर्धा तास सगळ्यांच्या हातून चेंडू निसटतो. अंगाला तेल किंवा चिकट काही लावून खेळायला नियमातही बंदी आहे. सरावाआधी शॉवर सक्तीचा, सनस्क्रीन लावलंच तर तळहात साबणाने धुवायचे. निसरडे झालेले चेंडू भांड्यांच्या साबणाने आणि मऊ ब्रशने घासले की पकड बरीचशी परत येते.

फेक हातांनी होते असं मुलींना वाटतं. नवख्या संघात खांदेदुखीचं पहिलं कारण हेच. पाय अंग उचलत नाहीत, खांदा पाण्यातच राहतो, आणि मुलगी कोपर खाली ठेवून नुसत्या हाताने ढकलते. बरोबर फेकीत न फेकणारा खांदा लक्ष्याकडे, फेकणाऱ्या बाजूची कंबर मागे, कोपर कानाच्या उंचीला. मग पायांचा जोर, कंबरेचं वळण, खांदा, मनगट, याच क्रमाने. चेंडू झेलताना बोटं पसरून, हात मागे नेत, आवाज न करता. टाळी वाजल्यासारखा आवाज आला म्हणजे हात कडक आहे. चेंडू पाण्यातून उचलताना वरून पंजा मारायचा नाही, खालून हात घालून किंवा वरून हलका फिरवून उचलायचा. मैदानी खेळाडूला एकाच हाताने चेंडू खेळता येतो, हे हँडबॉलमधून आलेल्या मुलींना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. बाकी हँडबॉलच्या मुली मिळाल्या तर जरूर घ्या, फेक त्यांना लवकर येते. कबड्डी खेळलेली एखादी असेल तर तीही हवी, अंगाला अंग लागलं की ती दचकत नाही. प्रवेशाची अट एवढीच: न थांबता २०० मीटर पोहणं आणि खोल पाण्यात एक मिनिट काठ न धरता राहणं.

जोरदार शॉट पहिल्या महिन्यात एका सत्रात तीसच्या वर नकोत. रबरी पट्ट्याने खांदा बाहेर फिरवण्याचा व्यायाम, पंधराच्या दोन फेऱ्या, प्रत्येक सत्राआधी.

गोलकीपर निवडताना सगळे सगळ्यात उंच मुलीकडे बघतात. मी पाय बघेन. जिचे पाय सगळ्यात टिकाऊ आणि जिचा आवाज मोठा, ती गोलकीपर. तिला सगळं मैदान समोर दिसतं, म्हणून बोलायचं काम तिचंच. पहिल्या दिवसापासून दुसरी गोलकीपरही तयार करा. एकीवर अवलंबून राहिलात तर तिच्या तापाच्या दिवशी सामना गेला. बसण्याची पद्धत: कंबर थोडी मागे, छाती पुढे, हात पृष्ठभागाखाली पाणी चाळत, कोपरं बाहेर. नवखी गोलकीपर हमखास एक चूक करते. समोरची मुलगी चेंडू उचलते न उचलते तोच ही हात वर करून उसळते, आणि शॉट येतो तेव्हा खाली बसत असते. समोरची फसवी हालचाल करते आहे हे ओळखायला डोळे चेंडूवर नाहीत, फेकणारीच्या खांद्यावर हवेत. तिचं अंग गरम करताना पहिले वीस शॉट हातात बसतील असे मारायला सांगा. सुरुवातीलाच कोपऱ्यात गोळे मारून गोलकीपरचा आत्मविश्वास घालवणं हा अनेक संघांचा आवडता छंद आहे.

आता दिनदर्शिका. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली तर गणेश चवथीपर्यंत साधारण दहा-बारा आठवडे मिळतात. हा काळ पाय, पकड, डोकं वर ठेवून पोहणं आणि एकास एक झुंज यांचा. तलाव उघडा असेल तर पावसात खेळता येतं, विजेत नाही. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांना बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यात उतरायचं नाही. ही वेळ फुकट जाऊ नये म्हणून फळ्यावरचे डावपेच अशा दिवसांसाठी राखून ठेवा. पावसाळ्यात समुद्रावर सराव हा विषयच नाही. किनारे पोहण्यासाठी बंद असतात आणि ते योग्यच आहे.

चवथीत मुली गावी जातात, आठवडाभर तरी कोणी येणार नाही. हे गृहीत धरूनच आखा. परतल्यावर पहिलं सत्र हलकं, नाहीतर खांदे धरतात. चवथीनंतर सेमिस्टर परीक्षेपर्यंतचा काळ संघखेळाचा. परीक्षेच्या तीन आठवड्यांत आठवड्याला दोन सत्रं पुरे, एक तासाची: पाय आणि पास. पूर्ण बंद करू नका, पायांची ताकद सगळ्यात आधी जाते. परीक्षा संपल्यापासून नाताळपर्यंतचे आठवडे सामन्यांचे.

हजेरीचा खरा शत्रू बस आहे. डिचोली, सत्तरीकडच्या मुलींना संध्याकाळी शेवटची कदंब बस गाठायची असते, आणि सराव सातला संपला की त्या शेवटची वीस मिनिटं घड्याळाकडेच बघत असतात. मग संघखेळ शेवटी ठेवला तर नेमका तोच अर्धवट राहतो. अशा दिवशी क्रम उलटा करा: दहा मिनिटं जमिनीवर, दहा मिनिटं पोहणं, मग लगेच खेळ, आणि पायांच्या फेऱ्या शेवटी. एरवीचं दीड तासाचं सत्र असं बसतं: जमिनीवर १०, पोहणं १५, पाय २५, चेंडू २०, खेळ २०. चौदापैकी नऊच आल्या तरी खेळ थांबवू नका. अर्ध्या मैदानात चार विरुद्ध तीन, किंवा तीन विरुद्ध दोनचा प्रतिहल्ला. नऊ मुलींत हा खेळ उलट जास्त शिकवतो, कारण चेंडू प्रत्येकीकडे जास्त वेळा येतो.

पोहण्याचा भाग शर्यतीसारखा नको. २५ मीटरच्या दहा धावा, डोकं वर, दर ४० सेकंदांना एक. त्यातल्या निम्म्या चेंडू पुढे ढकलत. चेंडू दोन हातांच्या मधे लाटेवर राहतो, त्याला मारायचं नसतं. मधेच शिट्टी, शिट्टीवर उलट दिशा. सामन्यात सगळ्यात जास्त गोल खाल्ले जातात ते इथेच: आपला शॉट चुकतो, मुली चेंडू कुठे गेला ते बघत राहतात, समोरच्या निघून गेलेल्या असतात.

डावपेच कमी ठेवा. हल्ल्यात अर्धवर्तुळ: गोलकडे तोंड करून उजव्या टोकापासून १ ते ५ जागा, आणि गोलसमोर दोन-तीन मीटरवर ६ नंबरची सेंटर. ३ नंबर म्हणजे पॉइंट, गोलच्या समोरची मधली जागा. डावखुरी मुलगी असेल तर तिला १ किंवा २ वर ठेवा, त्या बाजूने तिचा हात गोलकडे मोकळा राहतो. सेंटरला चेंडू द्यायचा तो हातात नाही, पाण्यावर, तिच्या बचावपटूपासून लांबच्या बाजूला. बाकीच्या बाहेरच्या पास कोरड्या, थेट हातात. पहिल्या हंगामात एवढं नीट झालं तरी पुष्कळ.

बचावात आधी प्रेस शिकवा, म्हणजे प्रत्येकीने आपल्या मुलीला चिकटून. मुली थकल्या की मागे सरून सेंटरला झाकण्याची सवय आपोआप लागते, तिला ड्रॉप असं छान नाव देता येतं, पण ती ठरवून केलेली असावी. ड्रॉपमध्ये २, ३, ४ च्या बचावपटू मागे सरून सेंटरवर पडतात आणि लांबून शॉट घ्यायची मुभा देतात. समोरच्या संघाकडे लांबचा हात नसेल तरच हे परवडतं. फाऊल कुठे करायचा हेही शिकवायला लागतं. सहा मीटरच्या बाहेर साधा फाऊल केला की समोरची थेट शॉट घेऊ शकते. २०१९ च्या नियमबदलाआधी ही रेष पाच मीटरला होती, त्यामुळे जुन्या पुस्तकातून किंवा जुन्या व्हिडिओतून शिकवत असाल तर सांभाळा. ताब्याचं घड्याळ (एका हल्ल्यात चेंडू किती वेळ ठेवता येतो), मोठ्या फाऊलसाठी खेळाडूला बाहेर बसवण्याचे सेकंद, संघातल्या खेळाडूंची संख्या, हे आकडे अलीकडे पुन्हा पुन्हा बदलले आहेत. मुलींना ३० सेकंदांचा ताबा आणि २० सेकंदांची बाहेरची शिक्षा अशी सवय लावायला हरकत नाही, पण स्पर्धेचं परिपत्रक आलं की त्यातले आकडे बघून शेवटचे तीन आठवडे त्यांवरच खेळा.

तीन वैयक्तिक फाऊल, म्हणजे बाहेर बसवण्याचे किंवा पेनल्टीचे, झाले की खेळाडू सामन्यातून बाद. हे जवळजवळ नेहमी सेंटरला अडवणाऱ्या मुलीचं होतं. म्हणून त्या जागेसाठी तिघी तयार हव्यात, आणि बेंचवर एकीने फक्त फाऊल मोजायचे. एक मुलगी बाहेर बसली की पाच विरुद्ध सहा. पाचांचा बचाव तीन मागे, दोन पुढे, हात वर, आणि चेंडू फिरेल तसं सगळ्यांनी एकत्र सरकायचं. सहाच्या बाजूने घाईचा पहिला शॉट टाळायचा: किमान चार पास, गोलकीपर एका खांबाकडे सरकली की दुसरीकडे. हा सराव दर आठवड्याला दहा मिनिटं तरी हवाच, कारण नवख्या संघांच्या सामन्यात बाहेर बसणं वारंवार होतं.

पोशाखाबद्दल स्पष्ट बोलावं लागेल. साधा पोहण्याचा पोशाख पकडापकडीत फाटतो आणि मुलगी खेळ सोडून तो सावरत बसते. वॉटर पोलोचा पोशाख जाड कापडाचा, बंद गळ्याचा, मागे चेन असलेला असतो. तो मिळेपर्यंत एक साईज घट्ट घ्यावा किंवा दोन एकावर एक घालावेत. टोप्यांचे दोन संच, पांढरा आणि गडद निळा, कानांच्या संरक्षकांसह. गोलकीपरच्या टोप्या लाल, १ आणि १३ नंबरच्या. कानांच्या प्लास्टिकच्या वाट्या तुटतात, चार-पाच जादा ठेवा. पंच सामन्याआधी नखं तपासतात. तुम्ही सरावालाही तपासा, बोटांच्या टोकांवरून उलटा हात फिरवून. नाकातली चमकी, पैंजण, बांगड्या, काळा धागा, सगळं बाहेर.

सामन्यात गॉगल चालत नाही. शेवटचे चार आठवडे मुलींनी गॉगलशिवायच सराव करावा. डोळे फार चुरचुरत असतील तर दोष बहुधा "क्लोरीन जास्त" असण्याचा नसतो. घाम आणि तेलाशी मिसळलेलं वापरलेलं क्लोरीन साठलेलं असतं आणि पीएच बिघडलेला असतो. तलावाच्या नोंदवहीत पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम दिसलं पाहिजे. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू देऊ नका, डोळ्याच्या संसर्गाचा धोका खरा आहे. पावसाळ्यात कान दुखण्याच्या तक्रारी येतात. कान टॉवेलने बाहेरून कोरडा करायचा, डोकं वाकवून पाणी काढायचं, काडी घालायची नाही.

पाळीच्या दिवसांत यायचं की नाही हे मुलीने ठरवावं. तिने कारण न सांगता "आज काठावर" एवढं म्हटलं की पुरे, आणि काठावर तिला काम असावं: घड्याळ, फाऊलची नोंद, पट्ट्याचे व्यायाम. हे बोलायला संघासोबत एक बाई हवीच. बाहेरगावच्या दौऱ्याला तर महिला व्यवस्थापक नसेल तर निघूच नका. पालकांची सभा जूनमध्ये घ्या आणि खेळ पाण्याखाली कसा असतो तेही सांगून टाका. ढकलाढकली, ओरखडे, कधी नाकावर कोपर. नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. प्राचार्यांना वेगळा युक्तिवाद लागतो: १९५१ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने वॉटर पोलोचं सुवर्ण जिंकलं होतं, ऑलिंपिकमध्ये मुलींना हा खेळ २००० साली सिडनीत मिळाला, आणि २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतली जलक्रीडा इथेच पणजीत, कांपालच्या तलावात झाली. तलावाचं भाडं मंजूर करून घ्यायला याचा उपयोग होतो.

सामने कुठून आणायचे हा गोव्यातला सगळ्यात अवघड भाग. मुलींचे संघ हाताच्या बोटांवर. शाळकरी मुलांच्या जलतरण क्लबशी खेळा, चौदा-पंधरा वर्षांचे मुलगे वेगाने बरोबरीचे पडतात आणि चेंडू आपलाच वापरायचा. परीक्षेनंतर एक दौरा पुण्याचा किंवा बेळगावचा ठरवा, एका दौऱ्यात दोन दिवसांत तीन सामने. त्याहून जास्त नकोत, तिसऱ्या दिवशी नवख्या मुलींचे खांदे उचलत नाहीत. पूर्ण सामना आठ मिनिटांच्या चार डावांचा आणि घड्याळ चेंडू थांबला की थांबतं, त्यामुळे प्रत्यक्षात तासभर लागतो. मैत्रीच्या सामन्यात सहा मिनिटांचे डाव घ्या आणि पंच म्हणून नियम माहीत असलेला बाहेरचा माणूस बोलवा. स्वतः शिट्टी वाजवत बसलात तर आपला संघ बघायचा राहून जातो.

सामन्याच्या दिवशी जेवण तीन तास आधी: पेज, उकडलेली अंडी, पाव, केळं. तळलेलं आणि नारळाच्या रसाची आमटी नको. पाण्यात घाम दिसत नाही म्हणून मुली पाणी पीत नाहीत. प्रत्येकीच्या नावाची बाटली काठावर ठेवा आणि प्रत्येक डावानंतर ती किती रिकामी झाली ते बघा. पाण्यात उतरून अंग गरम करणं अर्ध्या तासाचं: ४०० मीटर, पाय, जोडीने पास, मग गोलकीपरला शॉट. डावांमधल्या दोन मिनिटांत एकाच माणसाने बोलावं आणि एकच गोष्ट सांगावी. पाचजणी पाच सूचना देतात तेव्हा पाण्यात परतणारी मुलगी कोणतीच पाळत नाही.

सामन्यानंतर तीन आकडे लिहून ठेवा: आपले किती शॉट गोलच्या चौकटीत गेले, प्रतिहल्ल्यात किती गोल खाल्ले, आणि बाहेर बसवण्याचे प्रसंग कोणाच्या नावावर. पहिल्या हंगामात पहिला आकडा वाईटच असणार, त्यावर रागावून उपयोग नाही. दुसरा आकडा सामन्यागणिक कमी होत नसेल तर पोहण्याचा आणि शिट्टीवर उलट फिरण्याचा सराव कमी पडतो आहे. तिसऱ्यात एकाच मुलीचं नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर तिला ओरडू नका, तिचे पाय तपासा. पाय थकले की बुडू नये म्हणून ती समोरच्या मुलीला धरते, आणि पंच शिट्टी वाजवतो.